अटीवर सुटका : रत्नागिरीच्या निमित्ताने एका कलमाचा मागोवा

६ जानेवारी १९२४ रोजी विनायक दामोदर सावरकर येरवड्याच्या तुरुंगातून बाहेर आले. ते सुटले असे मात्र सरळपणे म्हणता येत नाही. मुंबई सरकारच्या हुकमात दोन अटी होत्या. एक, त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातच राहायचे. सरकारच्या किंवा तातडीच्या प्रसंगी जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या परवानगीवाचून जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही. दोन, पाच वर्षे खाजगी रीतीने वा जाहीरपणे, कोणत्याही प्रकारे राजकारणात भाग घ्यायचा नाही. आणि मुदत संपल्यावर ही बंदी पुढे वाढवायची की नाही, हे सरकार ठरवील.

त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. त्यामुळे सावरकरांचा हा बिनभिंतींचा तुरुंग बाणकोटच्या खाडीपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला होता. या तेरा वर्षांबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. कुणी त्यातले अस्पृश्यतानिवारण पाहते, कुणी भाषाशुद्धी, तर कुणाचे लक्ष फक्त सुटकेच्या अर्जांवर असते. प्रस्तुत लेखाला त्यापैकी कशातही शिरायचे नाही. हुकमात ज्या कायद्याचा आधार घेतला होता, त्याच्याकडे मात्र कुणी फारसे वळून पाहिलेले दिसत नाही. तो आधार म्हणजे १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४०१. फौजदारी खटल्यात सापडलेल्या माणसाला आजही पडणारे बरेचसे प्रश्न (सुटका म्हणजे काय, अट म्हणजे काय, अट मोडली हे ठरवायचे कुणी) या एका कलमाच्या पोटात आहेत.

कलमाची रचना अशी : शिक्षा झालेल्या कोणत्याही माणसाची शिक्षा सरकारला केव्हाही स्थगित करता येते किंवा पूर्णतः वा अंशतः माफ करता येते, विनाअट, किंवा त्या माणसाने मान्य केलेल्या अटींवर. ‘मान्य केलेल्या’ हा शब्द इथे कळीचा आहे. राज्यकर्त्याची दया एकतर्फी असू शकते, पण या कलमाखालची सशर्त माफी हा दोन पक्षांमधला व्यवहार आहे. कैद्याने होकार दिल्याशिवाय तो पुरा होत नाही. याच कलमाच्या पुढच्या पोटकलमात व्यवहाराची दुसरी बाजू आहे. अट पाळली गेली नाही असे सरकारचे मत झाले तर सरकार माफी रद्द करू शकते आणि तो माणूस बाहेर असेल तर कोणताही पोलीस अधिकारी त्याला वॉरंटशिवाय पकडून उरलेली शिक्षा भोगायला परत पाठवू शकतो. मत सरकारचे, न्यायालयाचे नव्हे. सावरकरांच्या बाबतीत ‘उरलेली शिक्षा’ म्हणजे दोन जन्मठेपी, मिळून पन्नास वर्षे, त्यातली तेरा-चौदाच सरलेली. इतके मोठे ओझे डोक्यावर टांगलेले असताना माणूस ‘मान्य’ करतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न कायद्याने स्वतःला विचारलेला नाही.

सुटकेच्या वेळी सावरकरांनी अटी मान्य केल्याचे लिहून दिले आणि त्याबरोबर आणखी एक निवेदन दिले : आपला खटला न्याय्य रीतीने चालला, शिक्षाही न्याय्य होती, हिंसक मार्गांचा आपण तिटकारा करतो, या आशयाचे. सरकारी टिपणीत असेही नोंदले आहे की, हे निवेदन ही सुटकेची अट नाही, असे त्यांना समजावून सांगण्यात आले होते. त्या कागदावरून आजही वाद होतात आणि दोन्ही बाजू त्यातून माणसाचा स्वभाव वाचतात. मला त्यातले एक वाक्य कायद्याच्या नजरेने विलक्षण वाटते. ‘खटला न्याय्य रीतीने चालला’ हे वाक्य ज्या खटल्याबद्दल आहे, तो १९०८च्या खास कायद्याखाली उभारलेल्या तीन न्यायाधीशांच्या न्यायासनापुढे चालला होता. सर बेसिल स्कॉट, नारायण गणेश चंदावरकर आणि हीटन हे ते न्यायाधीश. या न्यायासनापुढे ज्युरी नव्हती आणि त्याच्या निकालावर अपील नव्हते. २३ डिसेंबर १९१० रोजी पहिली जन्मठेप झाली, ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी. मार्सेलिसचा तंटा हेगच्या लवादापुढे होता; त्याचा निकाल फेब्रुवारी १९११मध्ये लागला, म्हणजे पकड कायदेशीर होती की नाही हे ठरण्याआधीच शिक्षा ठोठावून झाली होती. असा खटला न्याय्य होता, असे कैद्याने कैदेत असताना स्वेच्छेने लिहून दिले. पोलिसांच्या ताब्यातल्या कबुलीजबाबाला पुराव्याच्या कायद्यात १८७२पासून थारा नाही, तो नेमक्या याच ‘स्वेच्छे’विषयीच्या शंकेमुळे. तुरुंगातल्या कागदांना मात्र ती शंका कुणी लावली नाही.

सशर्त सुटकेच्या या वाटेने सावरकरांच्या आधी रत्नागिरीत जन्मलेला आणखी एक माणूस जाऊन आला होता. टिळकांच्या १८९७च्या राजद्रोहाच्या खटल्याची हकिकत प्रसिद्ध आहे : न्यायमूर्ती स्ट्रेची, नऊ जणांची ज्युरी, सहा युरोपियनांचे मत ‘दोषी’, तीन हिंदी सदस्यांचे ‘निर्दोष’, अठरा महिन्यांची सक्तमजुरी. शिक्षा पुरी होण्याच्या सुमारे सहा महिने आधी, ६ सप्टेंबर १८९८ रोजी, त्यांना सोडण्यात आले. मॅक्समुल्लर आणि सर विल्यम हंटर यांसारख्या विद्वानांनी त्यांच्यासाठी रदबदली केली होती. पण ही सुटकाही विनाअट नव्हती. सुटकेनिमित्तच्या सत्कार-समारंभांत भाग घ्यायचा नाही, सरकारविरुद्ध अप्रीती पसरेल असे काही करायचे नाही, आणि पुन्हा तसा गुन्हा शाबीत झाला तर माफ केलेले सहा महिने भोगावे लागतील, असे ठरले. टिळकांनी अटी मान्य केल्या. त्या वेळी ते त्यांच्या कीर्तीला बाधक ठरल्याचे ऐकिवात नाही, कारण अट मान्य करणे हा कायद्याचा भाग आहे हे तेव्हाच्या वाचकाला ठाऊक असावे.

जामिनाची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. १८९७मध्ये टिळकांना आधी जामीन नाकारला गेला. नंतर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो दिला, आणि टिळकांच्या बाजूने बोलणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी, १९०८मध्ये, टिळक पुन्हा पकडले गेले. जामिनाचा अर्ज जिना यांनी केला आणि तो फेटाळणारे न्यायमूर्ती होते तेच दावर. जामीन हा हक्क की मेहेरबानी, हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांहून जास्त काळ न्यायासनावर कोण बसले आहे यावर हेलकावे खातो आहे. आरोपीचा पक्ष घेऊन एकदा तो प्रश्न मांडलेल्या माणसालाही त्यातून सुटका नव्हती.

या लेखाच्या दृष्टीने टिळकांचा तिसरा प्रसंग अधिक महत्त्वाचा, आणि तो खटला म्हणून फारसा कुणाच्या लक्षात नसतो. २३ जुलै १९१६ रोजी टिळकांना साठ वर्षे पूर्ण होत होती. त्याच दिवशी त्यांच्या हाती नोटीस पडली. बेळगाव आणि अहमदनगर येथल्या त्यांच्या भाषणांवरून कलम १०८ खाली, चांगल्या वर्तणुकीबद्दल एक वर्षासाठी वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीनदार का घेऊ नयेत, याचे कारण दाखवा. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने तसा हुकूमही केला. इथे गुन्हा शाबीत झालेला नव्हता. गुन्ह्याचा आरोपसुद्धा ठेवलेला नव्हता. भविष्यात हा माणूस नीट वागणार नाही, या अंदाजावर त्याच्याकडून आजच पैसे बांधून घ्यायचे, अशी ती तरतूद. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. जिना यांनी टिळकांची बाजू मांडली आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी हुकूम रद्द केला. भाषणे समग्र वाचली पाहिजेत, सुटी वाक्ये उचलून नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता.

मुचलक्याची ही कल्पना कोकणातल्या वाचकाला परकी नाही. सण-उत्सव किंवा निवडणूक आली की गावातल्या चार जणांना तालुक्याच्या ठिकाणी बोलावून ‘शांतता राखीन’ असे लिहून घेतात. लोक त्याला आजही ‘एकशे सात’ म्हणतात, जरी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो आकडा १२६ झाला आहे, आणि टिळकांचे १०८ आता १२७ आहे. मुचलका दिला म्हणजे गुन्हा कबूल केला का, असे अनेक जण घाबरून विचारतात. नाही. तो प्रतिबंधाचा उपाय आहे, शिक्षा नव्हे. कारण दाखवा नोटीस ही खरोखरच उत्तर देण्यासाठी असते आणि हुकमाला वर आव्हान देता येते, हे १९१६च्या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे.

रत्नागिरीत अटीसुद्धा न सांगता ठेवलेला एक माणूस होताच. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५च्या नोव्हेंबरात मंडालेत पदच्युत झाला, मद्रासमार्गे १८८६च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीत आणला गेला आणि १९१६च्या डिसेंबरात इथेच वारला. तीस वर्षांत त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही, खटला झाला नाही, शिक्षा झाली नाही. त्यामुळे माफ करण्याजोगेही काही नव्हते. बंधमुक्त होण्यासाठी आधी बंधन कायद्यात कुठेतरी लिहिलेले लागते. थिबाला मिळाला तो खाडीवरच्या टेकाडावरचा प्रशस्त वाडा, तोही १९१०मध्ये. हे काही परक्या राजापुरतेच होते असे नाही. मुंबई इलाख्यात १८२७चे पंचविसावे रेग्युलेशन होते आणि त्याच्या जोरावर १८९७ साली पुण्याच्या नातू बंधूंना खटल्याशिवाय उचलण्यात आले. ते मोकळे झाले १८९९मध्ये. एकाच साली टिळकांना निदान ज्युरी मिळाली, नातूंना तीही नाही.

आता पुन्हा १९२४च्या हुकमाकडे. ‘राजकारणात भाग’ म्हणजे काय, याची व्याख्या हुकमात नव्हती. देवळात सर्व जातींना प्रवेश द्या म्हणणे राजकारण नाही, असे सरकारने चालू दिले. भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर २२ फेब्रुवारी १९३१ रोजी उघडले, सहभोजने झाली, शाळांतून मुले एकत्र बसू लागली. यामागे समाजसुधारणेची निष्ठा होती, त्याचबरोबर अटीने आखलेली वाटही होती. एखाद्या प्रवाहाला बांध घातला की तो ज्या बाजूला वळतो, तिथे शेती पिकते. म्हणून बांधाचे कौतुक करावे असे नाही. दुसरीकडे, कोहाटच्या दंग्यांवर लेख लिहिला म्हणून १९२५मध्ये सरकारने खुलासा मागितला. म्हणजे काय चालेल आणि काय चालणार नाही, हे आधी कुठेच लिहिलेले नाही. करून पाहावे आणि पत्र येते का याची वाट बघावी. रत्नागिरीत प्लेग आला तेव्हा १९२४मध्ये जिल्ह्याबाहेर नाशिकला जाण्यासाठी परवानगी मागावी लागली. जिल्ह्यात कोंडलेल्या माणसाने चरितार्थ कसा चालवायचा हा प्रश्नही होताच. १९२९पासून सरकारने दरमहा साठ रुपये भत्ता सुरू केला.

पाच वर्षे १९२९ साली संपली. बंदी वाढवली गेली. मग पुन्हा, मग पुन्हा. ‘मुदत संपल्यावर वाढवता येईल’ या एवढ्याशा शब्दांनी पाच वर्षांची तेरा वर्षे चार महिने केली. प्रत्येक वेळी सरकारनेच सरकारशी विचारविनिमय केला. कोणत्याही न्यायाधीशापुढे हा प्रश्न गेला नाही, कारण कलमात तशी सोयच नव्हती. प्रांतिक स्वायत्ततेनंतर कूपर यांचे अल्पजीवी मंत्रिमंडळ आले, त्यात जमनादास मेहता होते, आणि १० मे १९३७ रोजी अटी उठल्या.

योगायोग असा की पुढच्याच वर्षी, १९३८ साली, मुंबई प्रांताने गुन्हेगारांच्या परिवीक्षेचा कायदा केला. परिवीक्षा हा सरकारी शब्द. कोर्टाच्या आवारात सगळे प्रोबेशनच म्हणतात. कल्पना परदेशी होती. बॉस्टनमधल्या जॉन ऑगस्टस नावाच्या एका जोडे बनवणाऱ्या कारागिराने १८४१ साली दारूच्या नशेत पकडलेल्या एका माणसासाठी कोर्टात जामीन राहून, याला माझ्या हवाली करा, असे सांगितले. तीन आठवड्यांनी तो माणूस शुद्धीवर, नीटनेटका होऊन कोर्टात उभा राहिला आणि नाममात्र दंडावर सुटला. इंग्लंडने १९०७ साली याचा कायदा केला. आपल्याकडे १८९८च्याच संहितेत कलम ५६२ होते, पहिल्या गुन्ह्यातल्या माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचे. म्हणजे एकाच पुस्तकात दोन वाटा होत्या : ४०१ सरकारच्या हातात, ५६२ न्यायालयाच्या. आज महाराष्ट्रात १९५८चा केंद्रीय कायदा चालतो. आणि आकड्यांची गंमत पाहा : नव्या संहितेत चांगल्या वर्तणुकीवर सोडण्याचे कलम आहे ४०१, तर सावरकरांना लावलेले जुने ४०१ आता ४७३ झाले आहे. जुनी पुस्तके चाळणाऱ्याने यात फसू नये.

प्रोबेशनबद्दल लोकांचे गैरसमज दोन टोकांचे असतात. एकाला वाटते, आपण निर्दोष सुटलो. दुसऱ्याला वाटते, जन्मभराचा डाग लागला. दोन्ही चूक. प्रोबेशन मिळते ते दोष सिद्ध झाल्यावर. दोषसिद्धी तशीच राहते, फक्त शिक्षा लगेच सुनावली जात नाही. पण १९५८च्या कायद्याचे कलम १२ सांगते की, या कायद्याखाली सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही. सरकारी नोकराने इथे सावध राहावे. कलम १२ अपात्रता पुसते, कृत्य पुसत नाही. त्यामुळे ज्या वर्तनाबद्दल शिक्षा झाली त्यावरून खात्याची कारवाई होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा सांगितले आहे.

किरकोळ गुन्ह्यात, आधीची शिक्षा नसेल तर, नुसती ताकीद देऊन सोडता येते. त्यापुढची पायरी बंधपत्राची. गुन्हा मृत्युदंडाचा किंवा जन्मठेपेचा नसला पाहिजे. बंधपत्राची मुदत तीन वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. आरोपी एकवीस वर्षांखालील असेल, तर जन्मठेपेस पात्र गुन्हा सोडल्यास, तुरुंगात पाठवण्यापूर्वी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवलाच पाहिजे आणि तुरुंगच का, याची कारणे लिहिली पाहिजेत. अंमली पदार्थ, लाचलुचपत अशा काही विशेष कायद्यांत ही सवलत नाही किंवा फार आखडलेली आहे. या तरतुदी पासष्टहून अधिक वर्षे पुस्तकात आहेत, पण शिक्षेच्या दिवशी वकिलाने उठून त्या मागितल्या नाहीत तर त्या पुस्तकातच राहतात. माझ्या मते खालच्या न्यायालयांतली सगळ्यात महागडी गप्प बसण्याची वेळ तीच. अपिलातही प्रोबेशन मागता येते, हे तर अनेकांच्या गावी नसते.

पण या दोन वाटांतला खरा फरक अट मोडल्यानंतर कळतो. प्रोबेशनची अट मोडली असे अधिकाऱ्याला वाटले, तर त्याला न्यायालयात जावे लागते. न्यायालय समन्स किंवा वॉरंट काढते, म्हणणे ऐकते, खात्री पटली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा देते. पहिल्याच चुकीला नुसता दंड करून बंधपत्र चालूही ठेवू शकते. हा कायद्यातला दंड आहे पन्नास रुपयांपर्यंत. कलम ४०१च्या वाटेवर यातले काही नव्हते. सरकारचे मत आणि पोलिसाचा हात, एवढ्यात काम भागत होते.

स्वातंत्र्यानंतर हे बदलायला हवे होते. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत एक नवे कलम मांडले. आज तो अनुच्छेद २२ आहे. अटकेची कारणे सांगा, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्या, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करा. पोलीस ठाण्यातून ‘आमच्या मुलाला नेले’ असा फोन येतो तेव्हा कामाला येणारी हीच तीन वाक्ये आहेत. पण त्याच अनुच्छेदाच्या पुढच्या भागात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला या तिन्हींतून वगळले आहे. १८२७च्या रेग्युलेशनचा वारसा घटनेच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच येऊन बसला.

त्या वारशाला पहिली वेसण घालणाऱ्या निकालांपैकी एक मराठी पुस्तकावरून लागला. प्रभाकर संझगिरी १९६०च्या दशकात भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी ‘अणूचे अंतरंग’ नावाचे विज्ञानाचे पुस्तक लिहिले आणि प्रकाशनासाठी हस्तलिखित बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. सरकारने नाकारली. सप्टेंबर १९६५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, स्थानबद्धतेच्या शर्तींच्या हुकमात पुस्तक लिहिण्यावर वा छापण्यावर बंदी लिहिलेली नाही. आणि जी बंदी लिहिलेली नाही ती सरकारला घालता येत नाही. कोहाटच्या लेखाबद्दल खुलासा मागणाऱ्या १९२५च्या पत्राला हे उत्तर चाळीस वर्षांनी मिळाले.

सशर्त माफीच्या कलमाला मात्र आणखी बराच काळ लागला. गुजरातमधल्या एका जन्मठेपेच्या कैद्याची उरलेली शिक्षा तिथल्या सरकारने माफ केली, त्यात एक अट अशी होती की, सुटल्यावर दोन वर्षे त्याने ‘सभ्यतेने’ वागावे आणि त्यासाठी दोन प्रतिष्ठित माणसांची हमी द्यावी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन मसीह यांच्या पीठाने ही अट काढून टाकली. सभ्य वागणे म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात नाही. अशी संदिग्ध अट म्हणजे माफी मनाला येईल तेव्हा मागे घेण्याचे साधन ठरेल. अट मोडली असे सरकारला वाटले तरी माफी आपोआप रद्द होणार नाही. आधी कारणांसह नोटीस द्यावी लागेल, कैद्याचे उत्तर घ्यावे लागेल आणि थोडक्यात का होईना, कारणे लिहून हुकूम करावा लागेल.